न्यूबॉर्न फोटोशूटमध्ये फसलो, आणि ते कळलं मोठ्याच्या पडलेल्या दातामुळे

हे लिहायला उशीर झालाय, पण ज्यांच्या घरी दुसरं बाळ येणार आहे त्यांनी वाचाच.

आम्हाला फार काही नको होतं. बाळ, आम्ही दोघं आणि मोठा, चौघांचा एक चांगला फोटो, बस. मोठा सहा वर्षांचा, आणि त्याला बाळाचं अजिबात कौतुक नव्हतं, 'हिला परत कधी नेऊन द्यायचं' असं विचारायचा. त्यामुळे 'मोठं भावंड तयार होत नाही? हसरा फोटो मिळणारच, गॅरंटी' अशी एका फोटोशूटवाल्यांची जाहिरात दिसली आणि मी तिथेच विरघळले.

बुकिंग सातव्या महिन्यातच झालं, घाई अर्थात त्यांची. अंग मुडपून झोपलेल्या बाळाचे फोटो साधारण ५ ते १४ दिवसांत काढतात, कारण तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि पोटात असल्यासारखं गोळा होऊन पडतं, हे खरंय. खरंय म्हणूनच त्याचा धाक दाखवता येतो ना. 'ती वेळ गेली की गेली, एकच स्लॉट उरलाय, अर्धे पैसे आजच.' पण भावंडाच्या फोटोला ही मुदत लागूच नाही, महिन्याने काढा नाहीतर तीन महिन्यांनी, उलट बाळ टकामका बघायला लागलं की मोठ्यालाही त्यात जरा इंटरेस्ट येतो. हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही.

पैसे गेल्यावर त्यांनी मोठ्याचे पाच-सहा हसरे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले, 'त्याचा स्वभाव समजायला'. मला तर भरूनच आलं, म्हटलं किती विचार करतात ही माणसं! मी त्याच्या वाढदिवसाचे छान छान निवडून पाठवले.

शूटच्या दिवशी बाळ ११ दिवसांचं. फोनवर बोलणाऱ्या बाई आल्याच नाहीत, एक मुलगा आला, एकटा, सोबत असिस्टंट नाही. खोली गरम करायला हवी हे त्याच्या गावीही नव्हतं, उघडं बाळ थंडीने रडतंय आणि हा बास्केट मांडतोय. मग म्हणाला फ्रॉगी पोझ घेऊ. म्हणजे बाळ कोपरांवर टेकून, हनुवटी हातांवर ठेवून बसल्यासारखं दिसतं ते. या वयाचं बाळ मान धरूच शकत नाही, त्यामुळे ती पोझ दोन फोटो जोडून करतात, एकात कोणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं धरलेली, आणि मग ते हात एडिटिंगमध्ये पुसतात. हा पठ्ठ्या म्हणाला, 'तुम्ही पटकन हात सोडा, मी क्लिक करतो.' मी बाळ उचलूनच घेतलं. तिथेच त्याला घरी पाठवायला हवं होतं, पण अर्धे पैसे अडकलेले असले की माणूस गप्प बसतो.

मोठ्याचा नंबर लागला तेव्हा दोन तास उलटून गेले होते. भुकेला, कंटाळलेला. हे किती उलटं आहे ते नंतर दुसऱ्या फोटोग्राफरकडून कळलं. मोठ्याला सगळ्यात आधी घ्यायचं, आधी त्याचा एकट्याचा, मग आईबाबांबरोबर बाळाशिवाय, मग दोघांना गादीवर शेजारी झोपवून वरून फोटो, म्हणजे बाळ पडायची भीती नाही आणि त्याने कॅमेऱ्याकडे नाही बघितलं तरी चालतं. 'हस' म्हणायचंच नाही, पायाची बोटं मोज म्हणायचं. आमच्याकडे काय, 'हस ना रे, शहाणा ना तू, पापा घे तिचा', आणि नुसती उशीसुद्धा न ठेवता बाळ त्याच्या मांडीवर. तो रडत उठायला लागला, माझा हात तिथेच होता म्हणून वाचलं. मी घामाघूम, नवरा चिडलेला, आणि तो मुलगा शांतपणे म्हणतो, 'काळजी नका करू, मला मिळालाय फोटो.'

उरलेले सगळे पैसे भरल्यावरच लिंक उघडली. चौघांचा फोटो बघितला तर मोठा काय गोड हसतोय! मी आईला पाठवला, सगळ्यांना पाठवला. संध्याकाळी मोठ्याने बघितला आणि म्हणाला, 'माझा दात तर पडला होता ना.'

दात शूटच्या आदल्या आठवड्यात पडला होता, पुढचा. फोटोत बत्तीशी पूर्ण. मग नीट बघितलं तर आमच्या तिघांवर खिडकीचा उजेड उजवीकडून आणि याच्या चेहऱ्यावर डावीकडून. वाढदिवसाचा चेहरा उचलून चिकटवला होता, मीच पाठवलेला. मोठा म्हणतो, 'मग मला बसवलं कशाला?' काय सांगणार.

एडिटिंगला माझा विरोध नाही, फ्रॉगीचे हात पुसतात तेही एडिटिंगच. पण ते सांगून करतात. इथे विचारल्यावर उत्तर काय, तर 'गॅरंटी हसऱ्या फोटोची होती'. वर फाइल इतक्या लहान की प्रिंट काढली तर फुटते, मोठ्या फाइलचे पैसे वेगळे. मग मी त्यांच्या पेजवरचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघितले, बरेचसे दुसऱ्याच फोटोग्राफर्सच्या साइटवर सापडले. हे काम दोन मिनिटांचं होतं, बुकिंगच्या आधी केलं असतं तर! आणि कहर म्हणजे आमचा तोच चिकटवलेला फोटो त्यांनी जाहिरातीत लावला, न विचारता. रिपोर्ट केल्यावर निघाला, मग आम्हालाच ब्लॉक केलं. पैसे थेट ट्रान्सफर केलेले, त्यामुळे बँक म्हणाली तुम्ही स्वतःच पाठवलेत. कार्डने भरले असते तर निदान तक्रार करून परत मागायचा एक मार्ग तरी असता.

तर बुकिंग करताना निवडक दहा फोटो बघून भुलू नका, एकाच घरच्या शूटची पूर्ण गॅलरी मागा, तेच बाळ, तीच खोली, रडकेसुद्धा. ते चोरून आणणं अवघड असतं. फ्रॉगी कशी करता विचारा, दोन फोटो जोडतो म्हणाले तर माणूस कामाचा. प्रत्यक्ष कोण येणार आणि चेहरा बदलणार असाल तर आधी सांगणार का, हे लेखी घ्या. मोठ्या मुलाचे जुने फोटो मागितले तर देऊच नका, कशाला हवेत त्यांना? आणि चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आमच्याकडे तेवढंच उरलंय, कारण ती लिंक आता उघडतच नाही.