दशावताराची नोंद: आपोआप वळणारा कॅमेरा की जाणत्यांची बैठक?

जत्रेच्या रात्री होणाऱ्या दशावताराची, म्हणजे कोकणातल्या या लोकनाट्याची, नोंद ठेवायचे मनावर घेतलेल्या गावापुढे आज साधारणपणे दोन वाटा असतात. पात्राचा माग काढत आपोआप वळणारा कॅमेरा लावून ठेवावा आणि संवादही यंत्राकडूनच उतरवून घ्यावेत, ही एक. प्रयोगानंतर दोन-तीन दिवसांत जाणत्या प्रेक्षकांना बसवून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, ही दुसरी. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत आणि माझा कल कोणत्या बाजूला आहे, हे फार लपून राहील असे वाटत नाही.

संहिता हाताशी असलेल्या नाटकापेक्षा हा प्रश्न इथे अधिक नाजूक आहे. कोणते आख्यान लावायचे हे पुष्कळदा त्याच संध्याकाळी ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावरच सुचतात. त्यामुळे पहाटे प्रयोगाच्या शेवटची दहीहंडी फुटली की तो प्रयोग संपला, तसाच पुन्हा होणे नाही.

क्रम आणि वेळ यांबाबतीत यंत्राला तोड नाही. आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा गणपती, भटजी वगैरे पात्रांचा भाग, किती चालला, कोणते पद केव्हा उचलले गेले, हे ते अचूक सांगते, आणि मुख्य म्हणजे ते पेंगत नाही. मालवणी संवाद उतरवताना मात्र ते अडखळते आणि न कळलेल्या जागी एखादे प्रमाण मराठी वाक्य बिनदिक्कत बसवून देते, ते वेगळेच.

माझा निर्णय झाला तो दुसऱ्याच एका त्रासामुळे. असा कॅमेरा हलणाऱ्याच्या मागे जातो. राक्षस तावातावाने रंगमंचभर फिरत असतो आणि राजा बाकड्यावर बसून नुसता ऐकत असतो, तेव्हा चौकटीत राक्षसच राहतो. प्रेक्षक मात्र राजा आता काय उत्तर देणार याकडे डोळे लावून बसलेले असतात. अशाच एका प्रसंगाच्या चित्रणात राजाचे पद एकदम सुरू झालेले दिसते, कुठून आले ते कळत नाही. बैठकीत एका आजोबांनी सांगितले की राजाने ऐकता ऐकता पेटीवरच्या नायकाकडे, म्हणजे साथीच्या मुख्य गायकाकडे, पाहिले होते. दुसरे म्हणाले, नाही, सूर नायकानेच आधी धरला होता. आणि पखवाजाच्या बाजूला बसलेल्या तिसऱ्यांनी वादकाची थाप त्याआधीच सावरलेली पाहिली होती. तिघांचे जुळले नाही, तरी पद कसे जन्मले हे त्या न जुळण्यातूनच मला अधिक समजले. मुखवट्याच्या गणपतीपुढे तर आमचा कॅमेरा चेहरा न सापडल्यामुळे भटजीवरच खिळून राहिला. माग काढणे बंद करून संपूर्ण रंगमंच चौकटीत घेता येतो, हे खरे. पण मग चेहरे अंगठ्याएवढे होतात आणि नजर कुठे गेली हे कळतच नाही.

बैठकीचे दोषही थोडेथोडके नाहीत. उत्तररात्री निम्मे लोक डुलक्या घेत असतात, गेल्या जत्रेतला फर्डा संवाद या जत्रेत घुसतो, आणि एखादा मोठ्या आवाजाचा गाववाला बोलला की बाकीचे माना डोलावतात. म्हणून प्रत्येकाला आधी एकेकटे विचारावे आणि मगच एकत्र बसवावे. मतभेद मिटवत बसू नये, ज्याच्या त्याच्या नावाने तसेच लिहावेत. प्रयोग केलेल्या मंडळींपैकी कोणी येऊ शकले तर उत्तमच.

ज्यांना केवळ पदांच्या चाली आणि क्रम जपायचा आहे, त्यांनी कॅमेरा खुशाल घ्यावा. त्यांच्यासाठी तोच कदाचित बरा. इतरांनी खर्च आणि कष्ट आधी बैठकीकडे वळवावेत, असे मला वाटते. दोन्ही करणार असाल तर बैठकीआधी चित्रण कोणालाही दाखवू नका, कारण ते एकदा पाहिले की जो तो कॅमेऱ्याने पाहिलेलेच स्वतःची आठवण म्हणून सांगू लागतो.