पॉलिसी खरी होती, तरीही बुडालो

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात 34 वर्षं काढली. दुसऱ्याच्या कागदावर कुठे खाडाखोड असली की माझी नजर नेमकी तिथेच अडकायची. तोच मी 2,48,600 रुपयांना बुडालो. लिहायलाही लाज वाटते, पण आमच्याच सोसायटीतली आणखी तीन जोडपी यंदा मुलांकडे कॅनडाला निघालीत.

मुलगा ब्रॅम्प्टनला. नात झाली म्हणून आम्हा दोघांचा सुपर व्हिसा काढायचं ठरलं, म्हणजे आई-वडिलांना मुलांकडे बराच काळ राहता येतं तो कॅनडाचा व्हिसा. त्याला माणशी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा वैद्यकीय विमा लागतो. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचा पुरावा लागतो. म्हणजे व्हिसा हातात यायच्या आधीच पॉलिसी. ती आम्ही एका एजंटकडून काढली. व्हिसा नाकारला गेला तर कंपन्या बहुधा प्रीमियम परत देतात. आमचे पैसे याच फटीतून गेले.

एजंट बनावट पॉलिसी देतात हे काय मला माहीत नव्हतं? मुलाला सांगून थेट कंपनीत फोन करायला लावला होता. नंबर खरा, नावं खरी, जन्मतारखा बरोबर. माणसानं याहून काय करायचं?

पण पहिल्याच पानावर, आमच्या नावांखाली ईमेलच्या रकान्यात एजंटचा पत्ता होता. मी तो पाहिला. त्यावर बोटसुद्धा ठेवलं. "अहो काका, कंपनीचे मेल तुमच्या स्पॅममध्ये जातात. काही आलं की मी कळवतो ना," म्हणत त्यानं चहाचा कप पुढे सरकवला. ही म्हणाली, "किती शंका घ्याल हो!" मी गप्प बसलो. बँकेत कुणी असा अर्ज आणला असता तर तिथल्या तिथे परत केला असता. पॉलिसीवर ईमेल आणि फोन स्वतःचाच हवा, बाकी काही विसरलात तरी चालेल.

पैसे मी त्याच्या खात्यात आरटीजीएसनं टाकले. प्रीमियम त्यानं स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून भरला. "डॉलरचा भाव बरा पडतो, काका." रिफंड ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर जातो. मुलाच्या कार्डावरून भरा, एजंटला कमिशन वेगळं द्या.

व्हिसा 11 फेब्रुवारीला आला. 19 तारखेला एजंटनं आमचा व्हिसा नाकारल्याचं खोटं पत्र पाठवून पॉलिसी रद्द करून घेतली. तसा मेल आला तो त्यालाच. एप्रिलमध्ये टोरांटोच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं कागद पाहिला आणि सोडलं. मे महिन्यात ही बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं. मी ऐटीत फाइल काढली. मुलानं कंपनीला फोन लावला, दोनदा नंबर सांगितला आणि माझ्याकडे बघत राहिला. बिल 3,872 डॉलर. निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा कंपनीत फोन करा, पॉलिसी चालू आहे का विचारा.

परत आल्यावर चौकीत गेलो. "कंपनी कॅनडाची? मग तिकडे तक्रार करा." म्हटलं, पैसे इथल्या खात्यात गेलेत. "मग सायबरला जा." सायबरवाला म्हणे, "तुम्ही स्वतःच पाठवलेत, यात सायबर काय?" भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम वाचून दाखवलं, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो त्या झिरो एफआयआरची आठवण केली, साहेब म्हणाले, "काका, वकील आहात का?" चार खेपांनंतर साधा अर्ज घेतला, पोच मागून घ्यावी लागली. विम्याच्या तक्रार खिडकीवर तर कमाल. कंपनी परदेशी, म्हणून कक्षेबाहेर. एजंटकडे परवानाच नाही, म्हणून तोही कक्षेबाहेर! म्हणजे बिनपरवान्याचा चोर सगळ्यांत सुखी. आणि कंपनी? खोट्या पत्राची प्रत गोपनीयतेमुळे देता येत नाही म्हणाली. पत्र माझ्या नावाचं, आणि गोपनीय माझ्यापासून!

पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मला कळलं तेव्हा तीन महिने उलटले होते.

व्हिसा आला त्या दिवशी पेढे घेऊन त्याच्या ऑफिसात गेलो होतो. पासपोर्ट हातात धरून आम्हा दोघांचा फोटो काढला त्यानं. परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "तुमचा फोटो भिंतीवर पाहिला, म्हणून आम्हीही त्याच्याकडेच पैसे भरले."