कॅटलिनाच्या नावाखाली 21,420 रुपये गेले: मॉडेल करणाऱ्यांनी जरूर वाचा

आकडा आधीच सांगतो. 21,420 रुपये. मंगळवार ते रविवार, सहा दिवसांत, चार वेळा, माझ्याच हाताने पाठवले. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही, दहा हजार म्हणालोय. लिहायला लाज वाटते आहे. पण विमानांची छोटी मॉडेलं जोडायच्या आपल्या छंदातली माणसं नुसत्या शब्दावर एकमेकांकडून किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा खोका, घेतात, आणि त्याच विश्वासावर कुणीतरी धंदा मांडलाय, म्हणून लिहितो.

मला कॅटलिना विमानाचं मॉडेल करायचं होतं. दुसऱ्या महायुद्धातली फ्लाइंग बोट, पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी. पंखांचा पसारा जवळजवळ 31.7 मीटर, वर दोन इंजिनं, पोटाच्या दोन्ही बाजूंना काचेचे मोठे फुगे, आणि पंखांखालचे फ्लोट हवेत गेल्यावर वर दुमडले की पंखाचंच टोक होतात. मला त्यातही एकच हवी होती: 4 एप्रिल 1942 ला श्रीलंकेच्या कोग्गला तळ्यावरून उडालेली, कॅनडाच्या हवाई दलाच्या 413 स्क्वाड्रनची, वैमानिक लिओनार्ड बर्चल यांची. गस्त संपत आली असताना लंकेच्या दक्षिणेला त्यांना जपानी आरमार दिसलं. संदेश पाठवला जात असतानाच जपानी झिरो विमानांनी त्यांना पाडलं. नऊ जणांतले सहा वाचले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला, पण तोवर शहर सावध झालं होतं आणि बंदरातली बरीच जहाजं बाहेर काढलेली होती. त्याच मोहिमेत 6 एप्रिलला आपल्या विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावरही बॉम्ब पडले. शाळेत हे कुणी शिकवलं नाही, मला चाळिशीनंतर वाचून कळलं, आणि तेव्हापासून ही कॅटलिना डोक्यात बसली ती बसलीच.

एक 1/72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, लॉकडाउनमध्ये केली होती. पंख 44 सेंटिमीटर, आकार छान, पण काचेचे फुगे चिकटवताना सुपरग्लू वापरला आणि रात्रभरात आतून पांढरी साय धरली. केलेल्याला हे दुखणं सांगायला नको. म्हणून यावेळी 1/48 मध्ये करायची, फुगे नीट उघडे ठेवायचे, आतली मशीनगन दिसली पाहिजे, असं ठरवलं होतं. 1/48 मध्ये पंख 66 सेंटिमीटर. सुताराकडून 75 सेंटिमीटरची फळी करून भिंतीला ठोकूनही घेतली. तिचे 1,400 वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

आता अडचण अशी की बर्चल यांचं विमान मार्क 1, म्हणजे निव्वळ पाण्यातलं. त्याला चाकं नव्हती. नंतरच्या 5ए या प्रकाराला पोटाच्या बाजूंना चाकं दुमडून बसायची खोबण आहे. बाजारात दिसतात ती बहुतेक 5ए ची किटं. बिनचाकाचं 1/48 मध्ये शोधायला मला दीड वर्ष लागलं. परदेशातून मागवायचं तर पोस्टेज आणि कस्टम धरून किटच्या किमतीएवढाच खर्च वर बसतो. म्हणून ओळखीच्या चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं: कुणाकडे असेल तर कळवा, रोख देतो. इथेच पहिली चूक. काय हवंय, किती आतुरतेने हवंय आणि पैसे तयार आहेत, हे तिन्ही मीच जाहीर केलं.

तीन दिवसांनी मेसेज आला. नाशिकचा आहे म्हणाला. वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते, मॉडेलं करायचे, मार्चमध्ये वारले, आईला ती खोली रिकामी करून हवी आहे. कॅटलिना आहे, 1/48, चाकं नसलेली, 6,500 ला देईन, योग्य माणसाच्या हातात गेली की बाबांना बरं वाटेल. मराठी अगदी आपलं, जेवलात का सर विचारणारं. किंमत बघा: दोन हजार सांगितली असती तर मला शंका आली असती. 6,500 ही बरोब्बर घासाघीस न करता देता येईल अशी किंमत होती. मी बावीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काढली आहेत. व्हेंडर तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. भोळा म्हणून कुणी मला आजवर ओळखलेलं नाही.

आणि तरीही तो फोटो.

फोटो त्याने सोमवारी रात्री पावणेदहाला पाठवला. टेबलावर स्प्रू (सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) पसरलेले, उजव्या कोपऱ्यात खोका, मधोमध बोटीसारख्या पोटाचा डावा अर्धा भाग. मी मोठा करून पाहिला. पंखाच्या खालच्या अंगाला, पोटाच्या बाजूला, स्वच्छ गोल खोबण. चाकाची. ते 5ए चं पोट होतं, चाकंवालं. मला ते दिसलं. फसलो असतो आणि दिसलंच नसतं तर एवढं टोचलं नसतं. मला दिसलं, आणि मी लिहिलंसुद्धा: "यात चाकाची खोबण दिसतेय, हे 5ए आहे."

चार मिनिटं उत्तर नाही. मग: "सर मला एवढं कळत नाही, बाबांनाच कळायचं."

आणि मी काय करावं? मी त्याला समजावलं. काही किटांत दोन्ही प्रकार करता येतात, खोबण बुजवायला वेगळं झाकण दिलेलं असतं, स्प्रूवर कुठेतरी दोन गोल चकत्या असतील बघा, असं सविस्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर: "हो सर, दोन गोल चकत्या आहेत, झाकणाच्या." माझेच शब्द मला परत दिले आणि मी ते पुरावा म्हणून घेतले. चकत्यांचा फोटो मागितला, तर खोका पॅक करून कुरियरच्या दुकानात नेलाय, आता उघडला तर टेप फाटेल. बरं म्हणालो. बरं म्हणायचं काहीएक कारण नव्हतं. दीड वर्ष शोधलेली वस्तू हातातून जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही.

त्याच फोटोत मागे भिंतीवर विजेचा सॉकेट आहे. दोन उभ्या चपट्या फटी आणि खाली एक छिद्र. नाशिकच्या कुठल्या घरात असला सॉकेट असतो? हे मला सगळं संपल्यावर, रविवारी रात्री दिसलं. कुठल्यातरी अमेरिकन माणसाच्या टेबलाचा फोटो होता तो. कुणी फोटो पाठवला तर वस्तू पाहून होईपर्यंत बाकीचं काही दिसत नाही आपल्याला. वस्तूच्या मागची भिंत बघा, सॉकेट बघा, कॅलेंडर, खिडकी बघा.

मंगळवारी 6,500 पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव येतं ते त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळंच होतं. वहिनीचं खातं, म्हणाला. नाव जुळलं नाही तर तिथेच बोट उचला, मग खातं वहिनीचं असो की आणखी कुणाचं.

गुरुवारी दुसऱ्या नंबरवरून कुरियरचा म्हणून फोन आला: मोठा खोका, नाजूक माल, विम्यासकट 1,850. दिले. शनिवारी तोच माणूस: पार्सल भिवंडीच्या गोदामात अडकलंय, परदेशी माल आहे, बिल नाही, दंड 2,000 आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी 360, एकूण 2,360. पावती पाठवली, शिक्क्यासकट. हिशेब एवढा चोख की माझ्यातला खरेदीवाला गप्प बसला. तेही दिले.

रविवारी दुपारी मी चिडून दोघांनाही फोन केले. पैसे परत द्या, मला नको किट. नाशिकवाला लगेच कबूल झाला, उलट माफी मागितली. म्हणाला, तुमचे एकूण 10,710 होतात, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, जमा होतील. आकडा पैशासकट बरोबर होता. मी स्कॅन केलं, 10,710 दिसले, पिन टाकला. जमा व्हायच्या ऐवजी आणखी 10,710 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत आहे, दहा जणांना मी सांगितलेलं आहे. त्या क्षणी रागात होतो, जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि बोट चाललं. स्कॅन आणि पिन ही फक्त पैसे द्यायची रीत आहे. कुणी काहीही सांगो.

फोन बंद, डीपी गायब.

आता यंत्रणेचं ऐका. सोमवारी सकाळी दहाला बँकेत हजर. तीन टेबलं. पहिल्याने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने टोल फ्री नंबर दिला, तिसऱ्या बाईंनी माझा मोबाइल बघून सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय, यात बँक काय करणार?" शाखेत पाऊण तास होतो, एकाही माणसाने 1930 हा आकडा उच्चारला नाही. सायबर फसवणुकीची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तिथेच अडवता येतात, आणि त्यासाठी पहिला तास-दोन तासच हातात असतात. हे मला मंगळवारी शेजारच्या मुलीने सांगितलं. तोवर दोन दिवस गेले होते. 1930 आत्ताच्या आत्ता फोनमध्ये सेव्ह करा.

बँकेला लेखी तक्रार दिली. नऊ दिवसांनी मेसेज: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाल, कुणी काढला, काही नाही. परत लिहिलं, परत तोच मेसेज. तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे अर्ज टाकलाय, वाट बघतोय.

पोलिसांकडे चार खेपा झाल्या. पहिल्यांदा सगळी कागदपत्रं घेऊन गेलो: चॅटचे प्रिंट, बँकेचं स्टेटमेंट, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. टेबलावरच्या माणसाने वरचा कागद वाचला आणि बाजूच्याला म्हणाला, "खेळण्यातलं विमान. साडेसहा हजाराचं." दोघं हसले. मी बावन्न वर्षांचा आहे. तिथे उभं राहून मी खेळणं आणि स्केल मॉडेल यातला फरक समजावत होतो, कान तापले होते, आणि मागे रांगेतले लोक ऐकत होते. साडेसहा हजारांचा मोबाइल गेला असता तर हसले असते का? वस्तू कसली होती याच्याशी चोरीचं काय देणंघेणं?

मग म्हणाले नाशिकला जा, आरोपी तिकडचा. मी म्हटलं तो नाशिकचा नाहीच, तेच तर खोटं होतं. मग म्हणाले सिम दुसऱ्या राज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हे आहे. मी प्रिंट काढून नेली. दुसऱ्या खेपेला साहेब गणपतीच्या बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला साहेब विसर्जनाच्या बंदोबस्ताला. मला मान्य आहे, त्या दिवसांत त्यांनाही झोप नसते. पण बंदोबस्त संपला, चौथी खेप झाली, आणि उत्तर मिळालं, "ऑनलाइन तक्रार केलीत ना? मग पावती आहे तुमच्याकडे." पावती घेऊन मी काय करू? एफआयआर आजही नाही.

त्या ऑनलाइन तक्रारीमुळे एवढं कळलं की समोरच्या खात्यात 1,312 रुपये गोठवलेत. बाकीचे कधीच काढून नेले. ते 1,312 सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने फोनवर स्वतःची फी सांगितली, 5,000.

लोक विचारतात, व्हिडिओ कॉल का नाही केला? केला होता. दोनदा. नेटवर्क नाही म्हणून कट झाला आणि मी समजून घेतलं, घरात नुकतं माणूस गेलंय. वारलेल्या बापाचा संग्रह विकणाऱ्या मुलाला आधी किट दाखव, मग पैसे देतो, हे तोंडातून निघालं नाही. माझ्या वडिलांची हत्यारं विकताना मी रडलो होतो. पुढे कुणाकडूनही घ्याल तर एका चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून ती स्प्रूवर ठेवून फोटो मागा. खऱ्या माणसाला दोन मिनिटं लागतात आणि राग येत नाही.

रंग मी आधीच कालवून ठेवला होता, वरच्या बाजूचा गडद समुद्री करडा, तीनदा चाचणी करून. बाटलीत आता घट्ट व्हायला लागलाय.

गेल्या गुरुवारी एका ओळखीच्या मुलाने मला फोटो पाठवला, काका हे किट घेऊ का म्हणून. तेच टेबल, तोच डावा अर्धा भाग, तीच खोबण, मागे तोच दोन फटींचा सॉकेट. या वेळी विकणारा कोल्हापूरचा आहे, काका वारलेत, आणि किंमत 7,200 झाली आहे. त्या मुलाचे पैसे वाचले. फोटोत खोक्याचा वरचा डावा कोपरा फाटलेला आहे आणि टेबलाला हिरवी कटिंग मॅट आहे. कुणालाही दिसला तर पैसे पाठवू नका, नंबर आणि खात्याचं नाव टिपून घ्या, आणि आधी 1930 ला फोन करा.