गूगल शीट्स : सायन्स ऑलिम्पियाडच्या स्कोअर रूममधून, पाचपैकी चार तारे

आधी निकाल सांगून टाकतो. अमेरिकेतल्या सायन्स ऑलिम्पियाडसारख्या शालेय स्पर्धेत पेपर तपासून झाले की गुण चढवायला आणि क्रमांक काढायला गूगल शीट्स, म्हणजे गूगलचं इंटरनेटवरचं हिशेबाचं कोष्टक, चांगलं आहे. फुकट आहे, एका वेळी चार जणांना उघडता येतं, आणि कोणी कुठे हात लावला ते लपत नाही. एक तारा कापला तो त्याच्या आगाऊपणाबद्दल.

माझा जन्म बँकेत गेला, सांगली-मिरजेच्या शाखांमध्ये. आता न्यू जर्सीत मुलाकडे असतो. नात सातवीत आहे, डिव्हिजन बीच्या, म्हणजे सहावी ते नववीच्या गटाच्या संघात खेळते. या स्पर्धा पालक आणि माजी विद्यार्थ्यांच्या बिनपगारी मेहनतीवर चालतात. "काका, तुम्ही बँकेत होतात ना?" असं कुणी विचारलं की समजायचं, आपला शनिवार स्कोअर रूममध्ये जाणार. नातीच्या इव्हेंटचे पेपर मी हातात घेत नाही. बाकी काहीही द्या.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : संघात जास्तीत जास्त १५ मुलं, इव्हेंट २३. काहींत वस्तू बांधून आणायची असते, पण बऱ्याच इव्हेंटमध्ये मुलं जोडीनं बसून ५० मिनिटांत पेपर सोडवतात. पहिल्या क्रमांकाला १ गुण, दुसऱ्याला २, आणि सगळ्या इव्हेंटची बेरीज ज्या संघाची सर्वांत कमी, तो विजेता. म्हणजे पेपरातले गुण फक्त क्रमांक काढण्यापुरते. एखाद्या इव्हेंटला पाचसहा संघ ६० च्या आसपास दाटीवाटीनं बसलेले असले तर अर्ध्या गुणानं संघ तीन-चार जागा खाली जातो, आणि ते तीन-चार सरळ एकूण बेरजेत पडतात. अर्ध्या गुणासाठी कोच लोक का भांडतात ते इथे बसल्यावर कळतं.

शीट्सचं खरं काम दिसतं ते पेपरातला प्रश्नच चुकीचा निघाल्यावर. बरेच जण पेपरवर एकूण बेरीज करून एकच आकडा चढवतात. तसं करू नये. प्रत्येक प्रश्नाला किंवा प्रत्येक स्टेशनला (मुलं फिरून सोडवतात त्या प्रश्नांच्या टेबलाला) वेगळा रकाना ठेवा, वरच्या ओळीत त्या प्रश्नाचं वजन लिहा आणि बेरीज समप्रॉडक्ट या सूत्रानं करा, ते गुणांना वजनानं गुणून मग बेरीज करतं. समजा १४ व्या प्रश्नाचं उत्तर तपासणाऱ्यांच्या उत्तरसूचीतच चुकलंय आणि तो प्रश्न रद्द करायचा ठरला. वरच्या ओळीत त्याचं वजन शून्य केलं की चाळीस संघांच्या बेरजा आणि क्रमांक जागच्या जागी बदलतात. हेच काम लाल पेननं चाळीस पेपरांवर करायचं म्हणजे जेवण बुडालं. शिवाय खाली प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढून ठेवली तर असा प्रश्न आपणहून नजरेत भरतो. चांगल्या चांगल्या संघांना तिथे भोपळा मिळालेला असतो. मग मुलांकडे नंतर बघायचं, आधी उत्तरसूची तपासायची.

बरोबरीचं प्रकरण मात्र आपल्यालाच निस्तरावं लागतं. रँक हे सूत्र दोन संघांना तिसरा क्रमांक देऊन पुढच्याला थेट पाचवा देतं. इथे बरोबरी चालत नाही. ती कोणत्या प्रश्नांवर सोडवायची ते पेपर काढणारा आधीच ठरवून ठेवतो. काही जण त्या प्रश्नांचे गुण हजारानं भागून बेरजेत मिसळतात. चालतं, पण कोचनं "७२.०१४ म्हणजे काय?" असं विचारलं की समजावत बसा. मी काउंटइफ्स हे अटींत बसणाऱ्या नोंदी मोजणारं सूत्र वापरतो : आपल्यापेक्षा जास्त गुणांचे संघ किती, त्यात गुण समान पण बरोबरीच्या प्रश्नात आपल्यापुढे असलेले किती ते मिळवा, आणि वर एक. सूत्र लांबलचक होतं, पण मूळ गुणांना धक्का लागत नाही. गुण ०.१ च्या पटीत देत असाल तर राउंड हे दशांश ठरावीक जागी तोडणारं सूत्र लावून घ्या. ०.५ आणि ०.२५ संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके बसतात, ०.१ बसत नाही, आणि मग दिसायला सारखे असलेले दोन आकडे कधीकधी सारखे ठरत नाहीत.

रिकामा चौकोन आणि शून्य यांत बँकवाल्याला फरक शिकवावा लागत नाही, शीट्सला लागतो. बेरीज-वजाबाकीत ते रिकाम्या जागेला शून्यच धरतं. इथे चाळीस संघ असतील तर नुसता सहभाग धरलेल्या संघाला ४०, न आलेल्याला ४१ आणि बाद झालेल्याला ४२ पडतात. म्हणून गुणांच्या शेजारी "आले, नाही आले, बाद" अशी ड्रॉपडाउन यादी हवीच. क्रमांकाचं सूत्र आधी ती यादी बघेल, मग गुण.

आता तो आगाऊपणा. कुणी शिस्तीत ७/१० असं लिहिलं, की शीट्स ती अमेरिकी पद्धतीची तारीख, १० जुलै, समजतं. पडद्यावर ७/१० दिसतं, आत चाळीस हजारांच्या पुढचा आकडा बसलेला असतो, आणि तो संघ बेरजेत आभाळाला टेकतो. एक्सेलही याच माळेचा मणी आहे. त्याच्या या खोडीमुळे काही मानवी जनुकांची नावं तारखा होऊन बसायची, आणि नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये शेवटी जनुकांचीच नावं बदलली! एक्सेलमध्ये ही खोडी बंद करायचा पर्याय आला तो २०२३ मध्ये. आपल्यापुरता उपाय : डेटा व्हॅलिडेशनमध्ये शून्य ते त्या प्रश्नाचे कमाल गुण एवढंच चालेल असं सांगा आणि नुसता इशारा न देता नोंद नाकारायचा पर्याय निवडा.

बँकेत नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा कधी एक नसतो. मेकर-चेकर म्हणतात त्याला. तीच पद्धत इथे लावा. एक जण पेपरवरून वाचतो, दुसरा चढवतो, आणि तिसरा उलट्या क्रमानं, पडद्यावरून पेपराकडे, ताळा घेतो. सूत्रांचे रकाने प्रोटेक्ट करून टाका, नाहीतर कुणीतरी भाबडेपणानं सूत्रावरच आकडा ठोकतं. चौकोनावर राइट क्लिक करून बदलांचा इतिहास बघता येतो, कुणी आणि कधी बदललं ते सापडतं. एवढ्या एका सोयीसाठी मी एक्सेलच्या फायली ईमेलनं फिरवणं बंद करायला लावलं. त्या फायलींच्या नावांत तीन-तीन वेळा "फायनल" असायचं.

शाळेच्या वायफायवर विसंबू नका. क्रोममध्ये ऑफलाइन सोय आदल्या रात्री चालू करून ठेवा, कागद तर जपून ठेवायचेच. मुलांची नावं शीटमध्ये घालू नका, संघाचा क्रमांक पुरतो. आणि ज्यांच्याकडे एक्सेल आहे, एकाच टेबलावर एकच माणूस गुण चढवणार आहे, त्यांनी यासाठी मुद्दाम बदलायची काही गरज नाही. फक्त ताळा घ्यायला दुसरा माणूस शोधा.