यारलुंगपासून ल्हासाकडे : तिबेट सहलीचा नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सहलीहून परतल्यावर पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या अभिप्रायात फोटोंची नवलाई जास्त असते, म्हणून मी मुद्दाम थांबले. गेल्या सप्टेंबरात नवरा आणि मी तिबेटची दहा दिवसांची अभ्याससहल केली. विषय होता तिबेटचे राजे आणि तिथले मठ. आम्ही सिंगापूरला राहतो, तिथूनच नऊ जणांचा गट जमला होता, त्यात पाच मराठी. चेंगदूहून विमानाने गेलो. आता जून उजाडलाय. या काळात मी सहलीच्या वहीतली टिपणं कितीदा तरी काढून वाचली, त्यामुळे काय टिकलं आणि काय विरून गेलं हे आता नीट सांगता येईल.

आधी सर्वात महत्त्वाचं सांगते. या सहलीची खरी किंमत तिच्या क्रमात आहे. बहुतेक सहली विमानतळावरून थेट ल्हासाला जातात आणि पहिल्याच दोन दिवसांत पोताला राजवाडा, जोखांग मंदिर उरकतात. आम्हाला विमानतळावरून पूर्वेला, यारलुंग त्सांगपोच्या काठाकाठाने त्सेतांगला नेलं. हीच नदी पुढे आपली ब्रह्मपुत्र होते. त्सेतांग ल्हासापेक्षा किंचित खाली आहे, तेवढाच विरळ हवेत शरीराला आधार. पण मोठा फायदा वेगळाच झाला. तिबेटचे राजे यारलुंगच्या खोऱ्यातले. ते आधी भेटले, त्यामुळे पुढे ल्हासात प्रत्येक मठ कुणी आणि का बांधला हे विचारावं लागलं नाही.

पहिल्या सकाळी युम्बुलागांग. टेकडीच्या टोकावर उभा असलेला लहानसा गढीवजा वाडा. तिबेटी परंपरेत ही देशातली सर्वात जुनी वास्तू, पहिला राजा न्यात्री त्सेन्पो याची. सांस्कृतिक क्रांतीत ती पाडली गेली, आज दिसते ती 1980 च्या दशकात पुन्हा उभारलेली. हे गाइडने चढायच्या आधीच स्पष्ट सांगितलं, ते मला आवडलं. न्यात्री आकाशातून उतरला आणि लोकांनी त्याला खांद्यामानेवर बसवून आणलं, म्हणून त्याचं नाव ‘मानेच्या सिंहासनावरचा राजा’. पहिले सात राजे मरण आलं की आकाशाच्या दोरीने वर निघून जात. पुढे दिगुम त्सेन्पो या राजाच्या हातून लढाईत ती दोरी कापली गेली आणि त्याचा देह पृथ्वीवरच राहिला. म्हणून राजांच्या समाध्या लागल्या, अशी कथा. खाली जवाची शेतं पिवळी झाली होती, कापणी चालू होती. तिबेटमधलं पहिलं शेत याच पायथ्याशी होतं असं तिथले लोक मानतात. दुपारी जेवणात त्साम्पा आला. भाजलेल्या जवाचं पीठ, लोणी आणि चहात कालवून मुटका करून खायचं. पहिल्या घासाला मला आजोळी खाल्लेलं सातूचं पीठ आठवलं.

युम्बुलागांगचीच आणखी एक कथा आहे. ल्हा थोथोरी न्यान्त्सेन राजाच्या काळात वाड्याच्या छपरावर आकाशातून एक पेटी पडली. आत बौद्ध ग्रंथ होते, पण वाचता कुणालाच येईनात. राजाने ते जपून ठेवले आणि पूजले. अर्थ कळायला पुढच्या पिढ्या जाव्या लागल्या. ही कथा मनात धरूनच आम्ही सम्येला गेलो.

सम्येबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नऊ महिन्यांनंतरही डोळे मिटले की तेच दिसतं. आठव्या शतकात राजा त्रिसोंग देत्सेनने मगधातल्या ओदंतपुरी महाविहाराच्या धर्तीवर बांधलेला तिबेटमधला पहिला मठ. त्यासाठी आचार्य शांतरक्षित भारतातून आले. कामात विघ्नं येऊ लागली तेव्हा त्यांच्याच सांगण्यावरून तांत्रिक आचार्य पद्मसंभवांना बोलावलं गेलं. गाइडने आम्हाला आधी मठात नेलंच नाही. पहाटे शेजारच्या हेपोरी टेकडीवर चढवलं. शंभर पावलं टाकायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, असं करत वर पोचलो. खाली अख्खा मठ एखाद्या रांगोळीसारखा मांडलेला. मधोमध उत्से हे मुख्य मंदिर म्हणजे मेरू पर्वत, चार दिशांना चार महाद्वीपांची मंदिरं, पांढरा, लाल, काळा आणि हिरवा असे चार स्तूप, आणि भोवती गोल तट. विश्वाची कल्पना एका राजाने दगडामातीत उभी करून तिच्या मध्यभागी बुद्ध बसवला. टेकडीवर वारा इतका होता की गाइडचे शब्द तुटक ऐकू येत होते, पण ते चित्र पाहिल्यावर फार काही ऐकायचं राहिलंही नव्हतं. इमारती जळाल्या, मोडल्या, पुन्हा बांधल्या गेल्या. आराखडा मात्र बाराशे वर्षांनंतरही वाचता येतो.

उत्सेच्या दारापाशी त्रिसोंग देत्सेनचा शिलालेख आहे. राजवंशाने बौद्ध धर्म पिढ्यानपिढ्या सांभाळावा अशी शपथ त्यात कोरली आहे. तिथेच वर त्याच्या एका राणीने अर्पण केलेली लेखयुक्त घंटा टांगलेली आहे. या शिलालेखासमोर जे घडलं ते मला कुठल्याही सोन्याच्या मूर्तीपेक्षा मोलाचं वाटतं. मी गाइडला विचारलं, ही अक्षरं मुलांना कशी शिकवता? तो म्हणू लागला, “क, ख, ग, ङ.” मी पुढचं म्हटलं, “च, छ, ज, ञ.” त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून त थ द न, प फ ब म म्हटलं. घ, झ, ध, भ त्यांच्याकडे नाहीत, ट-वर्गही नाही, पण ओळ आपलीच. सातव्या शतकात राजा सोंगत्सेन गाम्पोने आपला मंत्री थोन्मी संभोट याला भारतात पाठवून लिपी आणवली अशी परंपरा आहे. त्या लिपीत प-वर्गाच्या पुढे त्स, छ्स, द्झ अशी तीन अक्षरं येतात. च, छ, ज याच अक्षरांना वर एक छोटीशी खूण जोडून ती केलेली आहेत. गाइडने ‘त्स’ म्हणून दाखवल्यावर माझ्या लक्षात आलं की हा आपल्या ‘चूल’मधला च, आणि ‘द्झ’ म्हणजे ‘जाळं’मधला ज. आपण मराठीत दोन्ही उच्चार एकाच अक्षरात लिहितो. त्यांनी वेगळी खूण केली. परत आल्यावर मी तीसही अक्षरं गिरवून शिकले. आता दुकानात प्रार्थनापताका दिसल्या तरी पाय थांबतात, दोन-चार शब्द लागतात.

सम्येतच राजासमोर ज्ञानप्राप्तीवर मोठा वाद झाला असं ग्रंथ सांगतात. एका बाजूला शांतरक्षितांचे शिष्य कमलशील, दुसऱ्या बाजूला चिनी भिक्षू होशांग महायान. टप्प्याटप्प्याने साधना की एका क्षणात बोध, हा प्रश्न. तिबेटी परंपरेप्रमाणे राजाने कमलशीलांच्या बाजूने कौल दिला. पुढे सेरा मठाच्या अंगणात भिक्षूंना टाळ्या वाजवत, पाय आपटत वाद घालताना पाहिलं. ते पर्यटकांसाठी नसून अभ्यासक्रमाचा भाग आहे हे मला सम्येमुळेच उमगलं.

ल्हासातलं जोखांग थोडक्यात सांगण्यासारखं नाही, पण दोनच गोष्टी लिहिते. मंदिराचं दार पश्चिमेला, नेपाळकडे तोंड करून आहे, कारण परंपरेने ते सोंगत्सेनच्या नेपाळी राणीशी, भृकुटीशी जोडलेलं आहे. आत असलेली जोवो शाक्यमुनीची मूर्ती मात्र चिनी राणी वेनछेंगने 641 मध्ये आणल्याचं मानतात. ती आधी रामोछे मंदिरात होती, नंतर इथे आली. दुसरी गोष्ट दारासमोरची फरशी. शतकानुशतकं लोकांनी साष्टांग दंडवत घालून घालून ती इतकी गुळगुळीत झाली आहे की सकाळच्या उन्हात पाणी सांडल्यासारखी चमकते. माझ्याशेजारी एक आजी हातांना लाकडी खडावांसारखं काही बांधून दंडवत घालत होत्या. थकल्या की थर्मासमधलं पातळ लोणी घेऊन आत जायच्या आणि दिव्यांत चमचा चमचा ओतायच्या. याक म्हणजे नर, लोणी मादीचं, आणि मादीला ‘द्री’ म्हणतात, हेही तिथेच कळलं.

दाराबाहेर भिंतीच्या आवारात 823 सालचा शिलास्तंभ आहे. तिबेट आणि थांग घराण्याचा चीन यांच्यातला तह त्यावर दोन भाषांत कोरलेला आहे, तिबेटचा राजा तेव्हा राल्पाचेन. त्याच्या साठ वर्षं आधी, 763 मध्ये, तिबेटी फौजांनी थांग राजधानी छांगआन काही दिवस ताब्यात घेतली होती. ज्या देशाला आपण फक्त जपमाळा आणि शांततेशी जोडतो त्याचा हा भाग ठाऊक नसेल तर मठही अर्धेच कळतात.

आता तक्रारी. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण हेतू पुढच्यांना सावध करण्याचा आहे. छोंग्ये खोऱ्यातल्या राजसमाध्या आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ठळक छापल्या होत्या. सोंगत्सेन गाम्पोची समाधी तिथेच आहे, वर छोटं मंदिर आहे. आदल्या रात्री जेवताना कळलं की तिथे जाणार नाही. कारण नीट दिलं नाही, बदल्यात काहीही दाखवलं नाही. राजवंशाच्या नावाने विकलेल्या सहलीत राजांच्या समाध्या गाळणं ही छोटी गोष्ट नाही. मी परतल्यावर पत्र लिहिलं, उत्तराला सात आठवडे लागले आणि त्यात फक्त दिलगिरी होती.

दुसरी तक्रार पोतालाची. आत जेमतेम एक तास मिळतो, वेळ तिकिटावर ठरलेली असते, आत फोटोला बंदी आहे. हा तिथला नियम, आयोजकांचा दोष नाही. पण तो आम्हाला जिने चढताना सांगितला गेला. आधी माहीत असतं तर मी पाचव्या दलाई लामांच्या सोन्याच्या स्तूपापाशी कमी थांबले असते आणि धर्मराज गुहेत जास्त. 1645 मध्ये पाचव्या दलाई लामांनी पोताला बांधायला घेतला तो सोंगत्सेनच्या जुन्या वाड्याच्याच टेकडीवर. त्या काळातली मानली जाणारी ही गुहा त्यांनी पोटात तशीच ठेवली. सोंगत्सेन हा करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याचा अवतार मानला जातो, दलाई लामाही त्याचेच, आणि पोताला हे नाव अवलोकितेश्वराच्या दक्षिण भारतातल्या पोतलक पर्वतावरून. म्हणजे राजसत्ता आणि धर्मसत्ता यांची गाठ नेमकी या खोलीत बांधली आहे. राजा, त्याच्या दोन्ही राण्या, थोन्मी संभोट, सगळ्यांच्या मूर्ती तिथे दाटीवाटीने बसल्या आहेत. आम्हाला तिथे चार मिनिटं मिळाली. जाणार असाल तर आधी ठरवून जा की तो तास कुठे घालवायचा.

प्रकृतीबद्दल एवढंच. पहिल्या रात्री सगळ्यांचीच डोकी दुखली. गटातल्या एका काकांना दुसऱ्या रात्री प्राणवायू लावावा लागला, गाइड पहाटेपर्यंत त्यांच्या उशाशी बसला होता. निघण्याआधी डॉक्टरांना भेटा, पहिल्या दिवशी अंघोळ आणि चढ दोन्ही टाळा, पाणी पीत राहा. परवान्यांशिवाय आणि गाइडशिवाय परदेशी माणसाला तिबेटमध्ये फिरता येत नाही, आणि आजच्या राजकारणावरचे प्रश्न गाइडला विचारायचे नाहीत असं पहिल्याच बैठकीत सांगितलं गेलं. मला ते योग्य वाटतं. आपण दहा दिवसांनी घरी येतो, त्याला तिथेच राहायचं असतं. काही प्रश्नांवर तो गप्प राहिला तेव्हा आम्हीही गप्प राहिलो, आणि ती शांतता अजून माझ्याजवळ आहे.

शिगात्से शहर घाईत झालं. ग्यान्त्सेचा कुम्बुम मात्र मनात राहिला. 1427 मध्ये तिथल्या राजकुमाराने बांधायला घेतलेला हा स्तूप म्हणजे थरावर थर चढवलेल्या कितीतरी छोट्या देवळ्या, आणि भिंतींवर चित्रं. त्यात चित्रकारांची आणि दात्यांची नावंसुद्धा लिहून ठेवलेली आहेत. बॅटरीच्या उजेडात एक नाव अक्षर अक्षर लावून वाचायला मला दहा मिनिटं लागली, नवरा बाहेर थंडीत उभा होता.

डिसेंबरात आम्ही आईला भेटायला संभाजीनगरला गेलो. अजिंठ्याला मी शाळेपासून कितीदा गेले आहे. या वेळी सतराव्या लेण्याच्या पडवीत डाव्या भिंतीकडे वळले आणि तिथेच थांबले. भल्यामोठ्या चाकाचा उरलेला तुकडा, त्यात छोटी छोटी माणसं, आणि चाक धरून ठेवणारे हात. इंग्रजांनी याला राशिचक्र समजून लेण्याला तसं नावही दिलं होतं. हे भवचक्र, जन्ममरणाच्या फेऱ्याचं चाक. सेरा, द्रेपुंग, जिथे जिथे गेलो तिथे मठाच्या पडवीत, दाराशेजारी, यमाने धरलेलं हेच चाक होतं. विहाराच्या दाराशी ते रंगवावं असं मूलसर्वास्तिवाद पंथाच्या विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, सांगितलं आहे, आणि तोच विनय शांतरक्षितांनी सम्येत पहिल्या तिबेटी भिक्षूंना दिला. अजिंठ्याचं चित्र सम्येपेक्षा सुमारे तीनशे वर्षं जुनं. त्याच लेण्याच्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा उल्लेख आहे, लेणं खोदवलं ते त्याच्या एका मांडलिक राजाने.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, ती पडवीच्या कडेला टेकली होती. मी सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, “मग हे तिकडून आलं, की इकडून तिकडे गेलं?” मी तिच्या शेजारी बसले आणि तिला सम्येची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले.