ॲक्टिन आणि एंडोसायटोसिस: प्रयोगाला यीस्ट घ्यावं की सस्तन पेशी?

पेशी बाहेरचा माल आत घेते (एंडोसायटोसिस) तेव्हा ॲक्टिनचा, म्हणजे पेशीला आकार आणि जोर देणारे धागे बनवणाऱ्या प्रथिनाचा, हात किती असतो, यावर प्रकल्प करायचा तर पहिला प्रश्न पेशी निवडण्याचा. सस्तन पेशी जास्त ‘खऱ्या’ वाटतात, म्हणून बरेच जण तिकडे वळतात. माझा कल सुरुवातीला यीस्टकडे आहे.

यीस्टच्या पेशीत आतला दाब मोठा असतो, त्यामुळे पेशीचं पटल बाहेरच्या कडक भित्तिकेवर घट्ट दाबलेलं असतं. त्यात आतल्या बाजूला खड्डा पाडणं म्हणजे हवा भरलेल्या टायरमध्ये बोट खुपसणं. खड्ड्यावर आवरण चढवणाऱ्या क्लॅथ्रिन या प्रथिनाला एकट्याला ते झेपत नाही. आर्प २/३ हे प्रथिनांचं संकुल फांद्या फुटलेलं ॲक्टिनचं जाळं विणतं, जाळं पटलालगत वाढत राहतं आणि त्याला जोडलेलं आवरण आत ढकललं जातं. ॲक्टिनचे धागे बनू न देणारं लॅट्रन्क्युलिन दिलं की आवरण जमतं, पण जागच्या जागी अडून बसतं. बाहेरच्या द्रवात सॉर्बिटॉल (साखरेसारखा पदार्थ) घालून दाब उतरवला तर हीच अडचण बरीच हलकी होते. कारण आणि परिणाम इतक्या सरळ दिसणं जीवशास्त्रात दुर्मीळच! शिवाय जनुकाला त्याच्या मूळ जागीच चमकणारं प्रथिन जोडता येतं आणि पेशी साधारण दीड तासात दुप्पट होतात.

सस्तन पेशीत उत्तर ‘परिस्थितीनुसार’ असं येतं. पटल सैल असेल तर क्लॅथ्रिनचा खड्डा ॲक्टिनशिवायही बऱ्यापैकी जमतो. पेशी कमी क्षारतेच्या द्रवात फुगवली की ताण वाढतो आणि मग ॲक्टिनवाचून काम अडतं. म्हणूनच वेगवेगळ्या पेशींवरचे निष्कर्ष जुळत नाहीत. दुसरा त्रास असा की लॅट्रन्क्युलिनने अख्ख्या पेशीचाच आकार बिघडून ती गोल होते. आत जाणं थांबलं ते खड्ड्यामुळे की आकार बिघडल्यामुळे, हे सांगता येत नाही. त्यामुळे सोबत आर्प २/३ रोखणारं सीके-६६६ वापरून पाहा.

मात्र मोठे घास गिळण्याचा प्रश्न असेल, म्हणजे फॅगोसायटोसिस (कण गिळणं) किंवा मॅक्रोपिनोसायटोसिस (द्रवाचे मोठे घोट घेणं), तर यीस्ट बाजूला ठेवा. भित्तिकेआडून ती तसा घास घेत नाही. तिथे मॅक्रोफेज, म्हणजे कण गिळणारी रोगप्रतिकारक पेशी, हवी; तिच्यात ॲक्टिनच्या झालरी पटलासकट उठून कणाला वेढताना दिसतात.

जोर कसा निर्माण होतो हे शोधायचं असेल तर यीस्ट घ्या. पेशीला तो जोर केव्हा लागतो हा प्रश्न असेल तर सस्तन पेशी, पण पटलाचा ताण बदलून पाहण्याची तयारी ठेवूनच.