पहिला माँटी पायथन कुठला बघायचा, होली ग्रेल की लाइफ ऑफ ब्रायन?

नाव खूप ऐकलंय पण सुरुवात कुठून करू कळत नाही, अशांसाठी लिहितोय. माँटी पायथन म्हणजे ब्रिटिश विनोदवीरांची टोळी. दोन्हीत टोळी तीच सहा जणांची, पण दोन्ही पिक्चरचा मामला वेगळा आहे.

होली ग्रेल (1975) म्हणजे किंग आर्थरच्या नावाखाली एकामागून एक स्किटं. घोड्यांना पैसे नव्हते म्हणून राजा नुसताच उड्या मारत येतो आणि मागून नोकर करवंट्या वाजवतो, टपटप टपटप, आणि किल्ल्यावरचा पहारेकरी निरोप आत द्यायचं सोडून इंग्लंडात नारळ आला कुठून यावरच हुज्जत घालत बसतो. पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन या रॉक बँडवाल्यांनी पैसे घातले होते तरी कडकी दिसतेच, आणि मजा तिच्यातच आहे. शेवट मात्र एकदम गुंडाळलाय, काही जण जाम वैतागतात.

ब्रायनला (1979) नीट गोष्ट आहे. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या साध्या पोराला लोक मसीहा करून टाकतात. पैसे घालणाऱ्या ईएमआय कंपनीने ऐनवेळी हात काढून घेतला, मग बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने पैसे उभे केले. नॉर्वेत बंदी आली तर स्वीडनमध्ये त्याचीच जाहिरात केली, इतका विनोदी की नॉर्वेने बंदी घातली! यातला माझा सगळ्यात लाडका सीन म्हणजे ब्रायन रात्री भिंतीवर रोमनांनो चालते व्हा असं लिहिताना पकडला जातो, आणि रोमन अधिकारी घोषणेवर नाही, लॅटिन व्याकरणावर भडकतो, विभक्ती विचारतो, वर शंभर वेळा लिहायला लावतो. देवः देवौ देवाः घोकलेल्यांना हे मास्तर लगेच ओळखू येतील. शिवाय रोमनांपेक्षा एकमेकांवरच जास्त खार खाणाऱ्या फुटीर संघटना आहेत, महाराष्ट्रात ते समजावून सांगायला नको.

एअरप्लेन (1980) हा पायथनचा नाही, वेगळाच अमेरिकी विनोदी पिक्चर, पण तो आधी बघू का असंही विचारतात. बघा की. तो 1957 च्या एका गंभीर विमानपटावर बेतलाय, तो मूळ पिक्चर आता कोण बघतंय, तरी एअरप्लेनमधला नट लेस्ली नील्सन इतका मख्ख चेहरा ठेवतो की काही अडत नाही.

माझं मत विचाराल तर आधी ब्रायन, सबटायटल लावून. मित्र जमलेत, निम्मं लक्ष गप्पांत असणार, तर ग्रेल लावा. आणि हो, ब्रायन आईबाबांसोबत नको, हिरो एकदा खिडकीत पूर्ण उघडा उभा राहतो.